बडोद्याचा लग्नविच्छेद निबंध आणि निंबाखालची नारी अदालत

बडोदे राज्यात कायद्याला 'निबंध' म्हणत असत. ज्यांच्या घरी आजोबांच्या लाकडी पेटीत 'आज्ञापत्रिके'चे पिवळे पडलेले अंक सापडले असतील, त्यांना हा शब्द परका वाटणार नाही. त्या अनेक निबंधांपैकी १९३१ सालचा हिंदू लग्नविच्छेद निबंध हा आमच्या घरी विशेष कौतुकाचा विषय होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील हिंदू स्त्रीला नवऱ्यापासून कायदेशीर सुटका मागण्याची सोय सर्वसाधारण कायद्यात नव्हती, तेव्हा श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ती आपल्या प्रजेला करून दिली, असे वडील पाहुण्यांना आवर्जून सांगत. हे चालू असता घरातील स्त्रिया पाण्याचे पेले उचलून आत जात.

हा अभिमान खोटा नव्हे. पण तो अपुरा आहे. तो कुठे अपुरा पडतो हे आम्हांस ग्रंथांतून कळले नाही. नोकरीच्या काळात एका तालुक्याच्या गावी, ज्यांपैकी कित्येकींना सहीही करता येत नव्हती अशा स्त्रियांकडून ते कळले. त्याची हकीकत लिहून ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

तिसऱ्या सयाजीरावांची कारकीर्द १८७५ ते १९३९. अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये त्याचा राज्यभर विस्तार, १९०४ चा बालविवाह प्रतिबंधक निबंध, १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाईंच्या नावाने निघालेले स्त्री उद्योगालय, १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे चिमणाबाईंनी भूषविलेले अध्यक्षपद, ही सनावळी आपल्या वाचकांस पाठ आहे. तिच्यात रेंगाळण्याचे कारण नाही.

लग्नविच्छेद निबंधापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. परित्यागाप्रमाणेच क्रूर वागणूक हेही त्यात विवाह मोडण्याचे कारण म्हणून मान्य केलेले होते. १ मे १९४९ रोजी राज्य मुंबईत विलीन झाले आणि पुढे १९५५ साली संसदेने हिंदू विवाह कायदा केला. त्या कायद्यात क्रूरता हे केवळ न्यायिक विभक्ततेचे कारण होते. थेट घटस्फोटाचे कारण म्हणून तिला स्थान मिळाले ते १९७६ च्या दुरुस्तीने. म्हणजे बडोद्याच्या रयतेस जे मिळाले होते, ते सबंध देशातील हिंदू स्त्रियांस मिळण्यास आणखी ४५ वर्षे लागली. स्वातंत्र्यानंतरच्या कायदेपंडितांनी आमच्या जुन्या निबंधाकडे अधिक लक्ष दिले असते तर बरे झाले असते, असे आम्हांस अजूनही वाटते.

पण निबंध झाला म्हणून मार थांबला काय? दांडिया बाजार, रावपुरा, शियापुरा या भागांतील आमच्या ओळखीच्या जुन्या मराठी घरांत या निबंधाचा आधार घेऊन न्यायालयाची पायरी चढलेल्या एकाही स्त्रीचे नाव आम्ही लहानपणी ऐकले नाही. मार खाणाऱ्या स्त्रिया मात्र आम्हांस ठाऊक होत्या. त्यांचे माहेर साताऱ्यास, पुण्यास किंवा कोकणात. जाण्यास दोन दिवस लागत. मागे दोन धाकट्या बहिणी लग्नाच्या. वकिलाची फी द्यावयास हातात पैसा नाही, आणि अंगावरचे सोने सासूच्या कुलपात. अशा स्त्रीला निबंधाचे कलम वाचून दाखविले असते तरी ती स्वयंपाकघरातून न्यायाधीशांच्या समोर पोचणार कशी, याचा विचार त्या निबंधात नव्हता, आणि खरे म्हणजे तो कोणत्याच कायद्यात नसतो.

गंमत अशी की ज्या जातींना आमची वडीलधारी मंडळी मागासलेल्या समजत, त्यांच्यात काडीमोडीची आणि दुसऱ्या घरोब्याची चाल पूर्वापार होती. गुजरातीत 'छूटाछेडा' आणि 'नातरुं' हे शब्द त्यासाठी रूढ आहेत. तेथे निकाल जातीचे पंच देत. अर्थात त्या पंचांत स्त्री नसे, आणि पैशाची देवघेव दोन्हीकडच्या पुरुषांत होई. म्हणजे एका बाजूस स्त्रीच्या बाजूचा कायदा होता पण तिच्याबरोबर चालणारे कोणी नव्हते. दुसऱ्या बाजूस चालणारा समाज होता पण त्यात तिचा आवाज नव्हता. या दोहोंची गाठ पडण्यास बराच काळ जावा लागला.

१९८० नंतरची वर्षे आठवावीत. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही ओळ वर्तमानपत्रांत इतक्या वेळा येई की वाचक ती हवामानाप्रमाणे वाचून पान उलटीत. विवाहितेच्या छळाबद्दल भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम १९८३ साली आले (तीच तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे). वडोदऱ्यात 'सहियर' ही स्त्रियांची संघटना १९८४ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी एक विशेष कक्ष उघडला. पोलीस ठाण्याच्या आत समाजकार्यकर्तीने बसावयाचे आणि तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीचे आधी नीट ऐकून घ्यावयाचे, ही कल्पना त्या काळी अगदी नवी होती.

खेड्यापाड्यांत मात्र गोष्ट निराळ्या वाटेने आली. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात स्त्रियांच्या समतेसाठी शिक्षण असा एक विषय होता. त्यातून १९८८-८९ मध्ये 'महिला समाख्या' ही योजना कर्नाटक, उत्तर प्रदेश आणि गुजरात या तीन राज्यांत निघाली. गुजरातेतील पहिल्या जिल्ह्यांत वडोदरा होता. नाव शिक्षणाचे असले तरी साक्षरतेचे वर्ग कोणावर लादावयाचे नाहीत, गावोगाव स्त्रियांचे संघ बांधावयाचे आणि आपल्या अडचणींचा क्रम त्यांनीच लावावयाचा, अशी तिची रीत होती. काही गावांमागे एक सहयोगिनी असे. संघांच्या बैठकांत प्रथम पाणी निघे, मग रेशन, मग मजुरी. ओळख पक्की झाली की मार निघे, आणि तो एकदा निघाला की त्याच्यापुढे बाकीचे विषय मागे पडत. त्यातूनच १९९५ मध्ये वडोदरा जिल्ह्यात 'नारी अदालत' बसू लागली.

त्या सुमारास आम्ही जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महसूल खात्यात होतो. कचेरीच्या आवारात निंबाचे मोठे झाड होते. ठरलेल्या तारखेस त्याच्याखाली सतरंजी पसरून दहाबारा स्त्रिया बसत. बहुतेक दलित व आदिवासी वस्त्यांतील, शेतमजुरी करणाऱ्या. एकीच्या मांडीवर वही असे, कारण लिहिता येणारी ती एकटीच. आम्ही तेव्हा पस्तिशीतले, पदवीधर, नियमांवर श्रद्धा असलेले. ज्यांना कायद्याने न्यायदानाचा अधिकार नाही त्यांनी 'अदालत' हे नाव घ्यावे आणि तेही सरकारी आवारात, हे आम्हांस खपले नाही. त्यांनी आपली बैठक अन्यत्र हलवावी अशा अर्थाचा मसुदा आम्ही तयार केला. अव्वल कारकून वयाने मोठे होते. त्यांनी तो वाचला आणि सही घेण्यापूर्वी एकदा बाहेर जाऊन बोलून यावे, असे सुचविले.

आम्ही गेलो आणि गावात झाडे पुष्कळ आहेत, असे म्हणालो. त्यांतील एक वयस्क बाई गुजरातीत म्हणाल्या, "झाडे आहेत साहेब. पण येथून तुमचा दरवाजा दिसतो, आणि समोर फोजदाराचा. ज्याला बोलावले आहे तोही येथे बसल्यावर ते दोन दरवाजे पाहतो."

तो मसुदा आम्ही फाडला नाही. कारकुनांनी तो एका फायलीत ठेवला आणि तो तेथेच राहिला. थोरपणा म्हणून हे सांगत नाही; तेवढेच घडले.

पुढे दोनअडीच वर्षे खिडकीतून ते कामकाज पाहावयास मिळाले. त्याची रीत अशी. स्त्री आपली हकीकत सांगे, ती वहीत उतरे. मग नवऱ्यास तारीख कळविणारे पोस्टकार्ड जाई. पोस्टकार्डच, कारण ते गावात पोस्टमनपासून सरपंचापर्यंत सगळे वाचत. तो आला नाही तर दुसरे कार्ड. तरी आला नाही तर दोघीजणी गावी जात. पण थेट त्याच्या घरी नव्हे. प्रथम शेजारी, मग अंगणवाडीची बाई, मग दूध मंडळीचा सेक्रेटरी. खरे काय हे त्यांना तेथेच कळे, आणि गावालाही कळे की कोणीतरी विचारावयास आले होते. त्यानंतरही तो हटून बसला तर पोलीस ठाण्यात अर्ज. ठाण्यातील एक जमादार प्रारंभी या बायांना पाहून हसत असे. वर्षभराने तोच त्यांच्याकडे प्रकरणे पाठवू लागला, कारण त्यांनी मिटविलेले भांडण पुन्हा त्याच्या दारी येत नव्हते.

तारखेस दोन्ही पक्ष उघड्यावर समोरासमोर बसत. नवऱ्यास 'भाई' आणि सासूस 'बा' म्हणूनच हाक मारली जाई. आरडाओरड क्वचित. एखाद्याने 'माझी बायको, मी मारीन' म्हटले की त्या सगळ्या एकदम गप्प होत आणि त्याच्याकडे नुसत्या पाहत राहत. कचेरीत दाखल्यासाठी आलेले लोकही तोवर झाडाभोवती उभे राहिलेले असत. चार भिंतींच्या आत जो पुरुष निर्भय होता, तो येथे बुटाच्या टोकाने माती उकरू लागे. करार ठरला की वीस रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहिला जाई: हात उचलणार नाही, घरखर्चाचे पैसे अमुक तारखेस देईन, सणाला माहेरी जाऊ देईन. खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे, आणि गावातील दोन इसमांची जामिनकी. वेगळे व्हावयाचे ठरले तर खाधाखोराकीची, म्हणजे आपल्याकडच्या पोटगीची, रक्कम ठरे आणि वस्तूंची यादी होई. एकदा खाट, गोदड्या, पितळेची भांडी आणि चांदीच्या तोड्यांची एक जोडी घेऊन त्यांचा टेम्पो कचेरीपुढून गेलेला आम्ही पाहिला. मागे दोघी भांड्यांवर हात ठेवून बसल्या होत्या.

पण खरे काम करारानंतर सुरू होई, आणि तेच आमच्यासारख्या फायली बंद करणाऱ्यांच्या लक्षात येत नसे. गावातील संघाच्या स्त्रिया त्या घरी जात राहत. कोणी ताक मागावयास, कोणी विळा मागावयास. बोलणे काहीच नाही. नुसते दारात उभे राहून सुनेच्या तोंडाकडे पाहणे. आपल्या घरात कोणीही केव्हाही येऊ शकते, हे नवऱ्यास कळले की त्याचा हात आवरत असे. कोणत्याही न्यायालयाच्या हुकूमनाम्याने हे साधले नसते.

या कामात पगारी मंडळींचा वाटा लहान लहान होता, तरी तो नसता तर फार अडले असते. तालुक्याचे एक वकील रविवारी येऊन त्यांना कलमे समजावीत. स्टॅम्प विकणारा आदल्या दिवशी कागद बाजूस काढून ठेवी. तलाठी रेशनकार्डावरील नावाचा प्रश्न सोडवी. सर्वांत अवघड होते डॉक्टरांचे. जखम घेऊन आलेल्या स्त्रीच्या केसपेपरवर 'पडून लागले' असे लिहिण्याची पद्धत सर्वत्र होती, कारण तीच तसे सांगे आणि नवरा बाजूस उभा असे. नवऱ्यास बाहेर पाठवून पुन्हा विचारावयाचे, एवढी एक गोष्ट त्या बायांनी डॉक्टरांच्या गळी उतरविली. पुढे २००० साली मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने 'दिलासा' हे केंद्र काढले. तेथे हेच काम रीतसर प्रशिक्षण देऊन सुरू झाल्याचे वाचले, तेव्हा आम्हांस त्या तालुक्याच्या दवाखान्याची आठवण झाली.

येथे एका शब्दाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. गुजरातीत 'समाधान' म्हणजे तडजोड. मराठीत 'समाधान' म्हणजे मनाची तृप्ती. नारी अदालतीच्या वहीत पुष्कळ प्रकरणांपुढे 'समाधान' असे लिहिलेले असे. त्यांतील प्रत्येक ठिकाणी मराठी अर्थाचे समाधान झाले होते असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेक स्त्रियांना घरी परत जावयाचे असे, मार तेवढा थांबावा अशी त्यांची मागणी असे, आणि अदालत तेवढेच पाही. घर कोणाच्या नावावर, जमिनीत तिचा वाटा काय, हे प्रश्न क्वचितच वर येत. एखादी परत गेली आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच झाडाखाली दिसली, असेही झाले. शिवाय नवरा पैसेवाला किंवा राजकारणातला असला की तो पोस्टकार्डास भीक घालीत नसे. उणिवा लपविण्यात अर्थ नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. घर कोणाच्याही नावावर असो, तेथे राहण्याचा हक्क त्याने स्त्रीला दिला. निंबाखाली जो प्रश्न अडत होता तो काही अंशी सुटला. संरक्षण अधिकारी हे पदही त्याने निर्माण केले. अनेक ठिकाणी ते काम आधीच दुसरी खुर्ची सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेले. 'अतिरिक्त कार्यभार' या दोन शब्दांचा अर्थ आपल्यातील निवृत्त मंडळींस समजावून सांगावयास नको. गुजरातेत १८१ क्रमांकाची 'अभयम्' ही सेवा २०१५ पासून राज्यभर आहे. तेथे दूरध्वनी उचलणारी समुपदेशक असते आणि गरज पडल्यास गाडी घरापर्यंत येते. महिला समाख्येचे केंद्राकडून येणारे पैसे २०१६ मध्ये बंद झाले, आणि अवघ्या काही वर्षांनी, २०२२ च्या 'मिशन शक्ती'त, केंद्र सरकारने 'नारी अदालत' याच नावाने आसाम आणि जम्मू-काश्मीरमध्ये प्रायोगिक योजना आणली. सरकारी स्मरणशक्तीचे हे कोडे आम्ही नोकरीत असतानाही सुटले नव्हते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी कोणाची मदत मागितली नव्हती आणि कोणास सांगितलेही नव्हते, असे नोंदले आहे. कायदे, क्रमांक, अधिकारी हे सर्व झाल्यानंतरचा हा आकडा आहे. म्हणून आपल्या जुन्या संस्थांविषयी मनात येते. आपल्या मंडळांची सभागृहे आहेत. हळदीकुंकू, कोजागरी आणि व्याख्यानमाला सोडल्या तर ती दुपारी रिकामीच असतात. निवृत्त वकील, डॉक्टर, शिक्षिका आपल्या सभासदांत आहेत. हळदीकुंकवास वाड्यावाड्यांतून सुना येतात आणि त्या दिवशी तरी त्यांच्याबरोबर सासरचे पुरुष नसतात. सूचनाफलकावर १८१ हा क्रमांक आणि संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता लावणे, महिन्यातून एक ठरलेली दुपार दोन जाणत्या स्त्रियांनी एका खोलीत बसणे, यास काही खर्च नाही. 'आपल्या समाजात असले प्रकार नाहीत' असे उत्तर येईल, हेही ठाऊक आहे.

ते उत्तर आम्हीच एकेकाळी दिले असल्याने त्याची हकीकत सांगणे भाग आहे. १९९६ साल. शनिवार-रविवारी आम्ही तालुक्याहून वडोदऱ्यास वाड्यात येत असू. चौकापलीकडच्या बिऱ्हाडात रात्री आवाज होत. आमच्याकडे दूरदर्शनचा आवाज थोडा वाढविला जाई. कोणी तसे ठरविले नव्हते. त्या घरच्या सूनबाई मॅट्रिक झालेल्या, नम्र, आम्हांस भाऊजी म्हणणाऱ्या. एका रविवारी नळावर कोणी नाही असे पाहून त्यांनी विचारले, "भाऊजी, माहेरचे दागिने परत मागायचे असले तर कचेरीत कुणाला विचारता येतं?"

चौकशी करून सांगतो, असे आम्ही म्हटले. आणि त्याच संध्याकाळी, घरातील गोष्ट घरातच मिटावी या सद्बुद्धीने, जाऊन त्यांच्या सासऱ्यांच्या कानावर घातले. ते वयाने वडील, विद्वान, शहरातील मराठी मंडळींत मान असलेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि चहा मागविला. पुढच्या शनिवारी आलो तेव्हा चौकाकडची ती खिडकी बंद होती, आणि ती नंतर उघडी दिसली नाही. सूनबाई आमच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. त्याच हिवाळ्यात महाराजांच्या समाजसुधारणांवर एक व्याख्यान झाले. लग्नविच्छेद निबंधाचा उल्लेख आला तेव्हा टाळ्या पडल्या. अध्यक्षस्थानी ते गृहस्थ होते, आणि आभार आम्ही मानले.

तालुक्याचे ते गाव वाड्यापासून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर होते. निंबाखालच्या बैठकीच्या तारखा तेव्हा आम्हांस पाठ होत्या.